कालबुबूची मोजणी

"एक पाय बाकावर ठेव आणि श्वास सोड," दाराबाहेरून जिपारा म्हणाली.

बेगायिमनं पाय बाकावर ठेवला. श्वास काही सुटेना. न्हाणीघरात कालच्या आंघोळीची ऊब अजून रेंगाळत होती, ओल्या लाकडाचा वास येत होता, आणि तिसरीचा अख्खा वर्ग एका नजरेत गप्प बसवणारी ही मास्तरीणबाई हातात बोटभर कापसाची कांडी धरून बगळ्यासारखी एका पायावर उभी होती.

"सोडलास?"

"सोडतेय."

"ऐकू नाही आला."

"श्वास काय टाळ्या वाजवत बाहेर येतो होय गं?"

जिपारा तिची नणंद. बाहेर पायरीवर बसून ती सूर्यफुलाच्या बिया सोलत होती आणि राखणही करत होती. राजधानीत, बिश्केकला, ती पोहण्याच्या एका तलावावर नोकरीला होती. सुट्टीत घरी येताना पिशवीतून वहिनीसाठी केसांचं तेल आणायची, यंदा सकाळीच तिनं टॅम्पॉनचं खोकं काढून दिलं होतं.

"आता आत सरकव. कमरेच्या दिशेनं, तिरकं. सरळ वर नको."

"सरळ वरच जातंय."

"तिथे रस्ता नाही, वहिनी. भिंत आहे."

"आणि आत गेलं नि हरवलं तर?"

"हरवायला आत काय जंगल लागून गेलंय? पुढे वाट बंद असते. शिवाय दोरी बाहेर लोंबते की."

बेगायिमनं दात आवळले, खांदे आवळले, आणि जे जे सैल सोडायचं होतं ते सगळंच आवळलं. कांडी कशीबशी थोडी आत गेली आणि अडली. आणखी ढकलायचं म्हणजे बोट बरंच पुढे न्यायला हवं होतं, आणि ते तिच्यानं होईना.

हा सगळा खटाटोप शर्यतीसाठी. बेगायिमचं माहेर इस्सिक-कुल सरोवराच्या पलीकडच्या काठावर, बाप मासेमारी करणारा, चालायला लागायच्या आधी पोरीला पोहायला आलं असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. लग्न होऊन ती या काठाला आली. सरोवर तेच, पण दीड वर्ष तिनं ते खिडकीतून पाहिलं, हातात चहाची किटली धरून. गावच्या जत्रेत बायकांची शर्यत असते, कोळ्याच्या नावेपर्यंत जायचं आणि परत यायचं. नव्या सुनेनं त्यात उतरावं का, हे सासूला विचारायचं धाडस करायला तिला महिना लागला.

"पोह की," कणकेवरची नजर न उचलता कालबुबू म्हणाली होती. "मी कशाला नको म्हणू?"

बेगायिमला इतका आनंद झाला की पिठानं माखलेल्या सासूला तिनं मिठीच मारली. मग खोलीत जाऊन तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. शर्यत नेमकी तिच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी येत होती.

कालबुबूनं हे आधीच मोजलेलं होतं. त्या बाईचं मोजणं गावात प्रसिद्ध होतं. गाय कुठल्या आठवड्यात विणार, मेंढी कधी, घोडी कधी, हे विचारायला शेजारीपाजारी तिच्याकडे यायचे. ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायची आणि तारीख सांगायची, आणि ती तारीख चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मग घरची सून तर घरातलीच. अंगणातल्या संडासात फळीवर पॅडचं पाकीट असायचं, शेजारी झाकणाचा डबा, तो डबा चुलीत रिकामा करायचं काम कालबुबू दुसऱ्या कुणाला देत नसे. तिला काही विचारावं लागत नव्हतं, सगळं आपोआप कळायचं. आणि त्या दिवसांत बाई पाण्यात उतरत नाही, गार दगडावरसुद्धा बसत नाही, नाहीतर कूस गोठते, यावर त्या घरात कधी वाद झाला नव्हता. तेव्हा परवानगी द्यायला कालबुबूच्या बापाचं काय जात होतं? सापही मेला आणि काठीही शाबूत.

"बसलं का?" जिपारानं विचारलं.

"बसलं," बेगायिम म्हणाली. खरं म्हणजे ते बसलं नव्हतं, अडकलं होतं.

तेवढ्यात घरातून हाक आली. "सूनबाई, आत्याबाई आल्यात. समोवार पेटव."

तुर्सुनाय ही सासऱ्यांची थोरली बहीण. ती आली की अर्ध्या तासात उठत नसे. सतरंजीवर दस्तरखान, म्हणजे खाणं मांडायचं कापड, अंथरलं गेलं, जर्दाळूचा मुरंबा आला, साय आली, रोटी आली, आणि दाराजवळच्या खालच्या टोकाला पाणी उकळणाऱ्या समोवाराशेजारी सून गुडघे मुडपून बसली.

आता तिथल्या सुनेचा चहा म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. पियाला अर्धाच भरायचा. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ पाहुण्यानं प्यावा आणि चालतं व्हावं. म्हणजे दोन घोटांत पियाला परत. परत वाकायचं, परत ओतायचं, छातीवर हात ठेवून परत द्यायचा. मध्येच उठायचं, पाणी आणायचं, पुन्हा गुडघे मुडपून बसायचं. प्रत्येक वेळी ती बसली की ती अडकलेली कांडी आपण आहोत म्हणून सांगायची. घोड्याच्या खोगिरात खडा राहावा तसं झालं होतं, फक्त इथे घोडं तीच आणि स्वारही तीच. तिनं एका कुल्ल्यावर बसून पाहिलं. मग दुसऱ्या. मग टाचांवर.

"कालबुबू, सून अशी काय बसलीय?" तुर्सुनाय म्हणाली. "खाली काटा आहे का?"

"पायाला मुंग्या आल्यात, आत्याबाई."

"मुंग्या. आमच्या वेळी मुंग्यांना सवड नव्हती यायला." तिनं पियाला पुढे केला. "दीड वर्ष झालं ना गं? पाळणा माळ्यावरच अजून?"

बेगायिमचा हात किटलीवर थांबला. तिला हा प्रश्न नवा नव्हता, पण आज तिच्या अंगात तो सोसायला जागा शिल्लक नव्हती.

"माळ्यावरची वस्तू खाली यायला कितीसा वेळ लागतो, वन्सं," कालबुबू म्हणाली. "मुरंबा घ्या."

"आणि सून शर्यतीत पोहणार म्हणे? गावभर झालंय."

"मी हो म्हटलंय." कालबुबूनं साखरेचा खडा दातांखाली धरला, त्यावर चहाचा घोट घेतला आणि सुनेकडे इतक्या मायेनं पाहिलं की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर भाबडेपणानं डोळे पुसले असते. "माझी काय आडकाठी? पुढे अल्लाची मर्जी."

बेगायिमनं मान खाली घालून चहा ओतला. कोपऱ्यात बसलेल्या जिपाराला खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर गेली.

तुर्सुनाय उठेपर्यंत समोवार दोनदा भरून झाला होता. तिची पाठ फिरताच बेगायिम न्हाणीघराकडे निघाली, आणि तिचं चालणं पाहून अंगणात खोगीर शिवत बसलेल्या सासऱ्यांनी, सादिरकुलनं, विचारलं, "पोरी, घोड्यावर कधी बसलीस?"

"मगाशी," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दोरी ओढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून थोडं, आणि राग आला म्हणून जास्त. "नको मला," ती दाराआडून म्हणाली. "नाही पोहत मी. खिडकीतून बघेन. दीड वर्ष बघितलंच आहे."

जिपारानं मांडीवरची टरफलं झटकली. मग तिनं विचारलं, "किती आत नेलं होतंस?"

"होतं तेवढं."

"म्हणजे बोटाचं टोकसुद्धा ओलं झालं नसणार. अगं, दारात उभा राहिलेला पाहुणा असतो ना, ना आत येत ना जात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता धक्का लागतो. त्याला घरात घे. एकदा आतल्या खोलीत जाऊन बसला की तो आहे हेसुद्धा विसरशील."

"तुला बोलायला काय जातंय."

"लाजतेस तू. स्वतःच्याच अंगाला."

बेगायिमला हे नाकारता येईना. वयात आली तेव्हा आईनं तिला एवढंच सांगितलं होतं की खाली पाहायचं नाही आणि गार दगडावर बसायचं नाही. पुढे लग्न झालं. नवऱ्यालाही तिनं त्या प्रदेशाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. तिसरीच्या मुलांना ती नकाशावर प्रत्येक नदी कुठून निघते ते दाखवायची, आणि स्वतःच्या अंगातली दिशा तिला माहीत नव्हती. सव्विसाव्या वर्षी याची तिला लाज वाटली, आणि ही लाज पहिल्या लाजेपेक्षा बरी होती.

तिनं पुन्हा हात धुतले. नवी कांडी उघडली.

"बाकावर पाय नको, नुसती उकिडवी बस," जिपारा म्हणाली. "चूल फुंकायला बसतेस तशी. आणि ऐक." तिनं घसा खाकरून तुर्सुनायचा आवाज काढला. "मुंग्या. आमच्या वेळी मुंग्यांना नमस्कार करून यावं लागायचं. आमच्या वेळी मुंग्या आधी सासूची परवानगी घ्यायच्या."

"गप्प बस गं."

"आमच्या वेळी चहा ओतता ओतता तीन पोरं झाली मला, पियाला नाही सांडला."

बेगायिमला हसू फुटलं. दीड वर्षात न हसल्यासारखी ती हसली, भिंतीला हात टेकून, पोट धरून, आणि त्या हसण्यात अंगातलं आवळलेलं सगळं कधी सुटलं ते तिला कळलंच नाही. बोट मागच्या बाजूला तिरकं गेलं, कांडी त्याच्यापुढे सरकली आणि जायची तिथे गेली.

"अगं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"गेलं."

"दुखतंय?"

ती उभी राहिली. बसली. पुन्हा उभी राहिली. एका पायावर उडी मारून पाहिली. "काहीच कळत नाहीये. आहे की नाही तेच कळत नाहीये."

"मग बरोबर बसलं."

तिची खात्री पटेना. ती गोठ्यात गेली आणि गाय पिळायला बसली. मग उगाचच विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणलं. मग अंगण झाडलं, जे सकाळी झाडून झालं होतं. सादिरकुल खोगिरावरून मान वर करून या सुनेकडे बघत राहिला, पण बोलला नाही. बायकांच्या गोष्टीत तोंड घालू नये हे शहाणपण त्याला लग्नानंतर लवकरच आलं होतं.

संध्याकाळी जिपारानं उरलेले धडे दिले. चार-पाच तासांनी बदलायचं, विसरायचं नाही. रात्री झोपताना पॅड. "पण फळीवरच्या पाकिटाला हात लावू नकोस, माझ्याकडचे घे. डब्यातही काही टाकू नकोस, मी बाजारात जाऊन टाकून येईन. आईला नुसता वास लागला तरी ती उद्या सरोवराला कुलूप घालेल."

आपण फार हुशारी केली असं दोघींना वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

शर्यतीच्या दिवशी कालबुबू तयारीनिशी काठावर आली. बसायला घडी केलेला जाड लोकरीचा नमदा, थर्मास, लोकरीची शाल. ती ऐसपैस बसली आणि थर्मासचं झाकण फिरवू लागली. सून आता येईल, कानाशी लागेल, पोटात दुखतंय म्हणेल, मग आपण म्हणू, जाऊ दे बाई, पुढच्या वर्षी. तिच्या चेहऱ्यावर हे सगळं लिहिलेलं होतं.

बेगायिमनं अंगातला लांब झगा काढून जिपाराच्या हातात दिला. आत काळी तुमान आणि काळा सदरा. ती पाण्याकडे चालू लागली.

झाकण फिरवणारा हात थांबला. आता सासूला राग येणार, अशी बेगायिमनं मनाची तयारी ठेवली होती. पण राग आला नाही. कालबुबूचं तोंड उघडं पडलं. अंगठा बोटांच्या पेरांवर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि मग तो हात आपोआप छातीवर गेला. हे काय चाललंय ते विचारायला बेगायिमला वेळ नव्हता. शिटी वाजली.

पाणी पहिल्यांदा चटका बसल्यासारखं गार लागलं आणि नंतर लागेनासं झालं. हात आपले आपण चालू लागले. वर डोंगरांवरचा बर्फ, खाली हिरवं पाणी, कानात स्वतःचा श्वास, आणि बाकी काही नाही. ती कांडी तर तिला आठवलीसुद्धा नाही. चहा नाही, पियाले नाहीत, माळ्यावरचा पाळणा नाही. ती खूप खूप सुखी होती. नावेला हात लावून ती सगळ्यांत आधी वळली आणि काठाकडे निघाली.

काठ जवळ आला तेव्हा आरडाओरडा ऐकू आला. तिनं मान वर काढली. कालबुबू मोज्यांसकट, रबरी बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभी होती आणि शाल फडकवत होती.

"हळू! अगं हळू ये! घाई नको करूस!"

बेगायिमला वाटलं, कुणीतरी गेलं. खाणीवर काही झालं. नवरा, कुबात, वर डोंगरात खाणीवर कामाला होता. ती जागच्या जागी थांबली, पाण्यात उभी राहिली. "काय झालं, आई?"

"काही नाही! तू सावकाश ये!"

तेवढ्यात बेकरीवाल्याची उंच पोरगी तिच्या शेजारून सपासप निघून गेली आणि बक्षिसाची इलेक्ट्रिक किटली जिंकली.

बेगायिमला राग यायला हवा होता. पण पाण्यातून बाहेर येताच सासूनं तिला शालीत गुंडाळलं, दगडांवर पाय ठेवू दिला नाही, स्वतःचा नमदा अंथरला, आणि तिच्या ओल्या कपाळाचं चुंबन घेतलं. लग्नानंतर हे पहिल्यांदा घडत होतं. सासूचे डोळे भरले होते. बेगायिमला वाटलं, हिला माझा अभिमान वाटतोय. दुसऱ्या नंबराचासुद्धा. आपण हिला उगाच कपटी समजत होतो, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच शरम वाटली.

गाडीत कालबुबूनं तिचा हात सोडला नाही. "खड्डे चुकवून चालव," ती नवऱ्याला म्हणाली. मग फोन काढून तिनं तुर्सुनायला लावला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हळू आवाजात बोलली.

घरी पोचल्यावर बेगायिमला गादीवर बसवण्यात आलं. उठायचं नाही, बादली उचलायची नाही, अशी ताकीद मिळाली. खिडकीतून तिला दिसलं, सासऱ्यांनी पांढरी नमद्याची टोपी घातली होती, आणि ते कळपातून मेंढा निवडत होते. चांगला, शेपटीला भरपूर चरबी असलेला. स्वयंपाकघरातून तळणीचा वास येत होता आणि कुणीतरी गुणगुणत होतं. कालबुबू गुणगुणते हे या घरात कुणाला माहीत नव्हतं.

जिपारा आत आली आणि तिनं दार लावून घेतलं. तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"वहिनी. तू आज पाण्यात उतरलीस."

"मग?"

"आज. या तारखेला. आणि फळीवरचं पाकीट तसंच. डबा रिकामा." ती गादीच्या कडेला बसली. "आईची मोजणी कधी चुकत नाही. मग तिनं काय समजायचं?"

बेगायिमनं खिडकीबाहेर पाहिलं. मेंढ्याच्या गळ्यात दोरी पडली होती. अंगणात तुर्सुनाय येऊन पोचली होती, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी.

जिपारानं उशी तोंडावर दाबली आणि ती हसू लागली. तिचे खांदे गदगदा हलत होते. "इतकं छान बसलं," उशीतून तिचा आवाज आला, "की तुला दिवस गेले."

बेगायिम हसली नाही. ती गुणगुण तिच्या कानावर येत होती. संध्याकाळी खाणीवर फोन लागतो, तेव्हा कालबुबू मुलाला सांगणार. मग गाव. मग रोज एकेक दिवस मोजला जाणार, आणि शेवटी एका दिवशी फळीवरचं पाकीट उघडावं लागणार. शर्यत गेली ते परवडलं, तिला वाटलं, पण हे कसं हिच्या हातातून काढून घेऊ? तिनं टॅम्पॉनचं खोकं शालीच्या टोकाखाली धरलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"उठलीस कशाला?" कालबुबू म्हणाली. कढईत बोर्सोक, कणकेचे तळलेले तुकडे, फुगून वर येत होते. "बस. गरम खा."

"आई, तुम्ही समजताय तसं नाहीये."

"मी काय समजतेय? मी तर काही बोललेच नाही. दृष्ट लागते, आत्ता बोलू नये."

"आई." तिनं खोकं ओट्यावर ठेवलं, एक कांडी काढून सासूच्या पिठाळ हातात दिली. "मला काल पाळी आली."

कालबुबूनं ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. "हा काय, शाळेतला खडू?"

बेगायिमनं सांगितलं. वर्गात सांगते तसं, हळू, स्पष्ट, कुठे जातं, काय करतं, दोरी कशासाठी. कालबुबूनं विस्तव कमी केला. एक बोर्सोक जास्त लाल झाला, तो तिनं काढला नाही.

तिनं पिठाळ हात पुसले. मग स्टुलावर बसली. "म्हणजे तारीख तीच होती," ती म्हणाली.

"हो."

"कालचीच."

"कालचीच."

"माझी मोजणी बरोबर होती." तिनं मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात तिचं तोंड एकदम वाकडं झालं, रडू येतं तसं. तिनं ते ओढणीत लपवलं. बेगायिम तिच्या पुढ्यात बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी दिवस बघून हो म्हटलं होतं तुला," ओढणीतून कालबुबू म्हणाली.

"माहीत आहे मला."

"माहीत होतं? आणि तू मला मिठी मारलीस?"

"मिठी आधी मारली. कळलं नंतर."

कालबुबूनं नाक पुसलं. कांडी पुन्हा डोळ्यांसमोर धरली. "दुखलं?"

"पहिल्यांदा. अर्ध्यातच राहिलं होतं."

"कधी?"

"काल. आत्याबाई चहाला आल्या तेव्हा."

सासूनं तिच्याकडे पाहिलं. "मुंग्या," ती म्हणाली. "त्या मुंग्या होत्या तर." तिचं पोट हलायला लागलं. तिनं तोंडावर हात दाबला, कारण बाहेर माणसं होती, आणि मग ती हसतेय की रडतेय हे तिलाही सांगता आलं नसतं.

बाहेरून सादिरकुलनं हाक मारली. मेंढा उंबऱ्याशी आणला होता, कापण्याआधीचा आशीर्वाद म्हणायचा होता. दारात आणलेला मेंढा परत कळपात जात नाही, त्यापेक्षा घरमालक नाक कापून घेईल. शेजारची चार माणसं येऊन उभी होती. तुर्सुनायनं रुमाल सोडला होता, आत एक पांढरी ओढणी होती, दिवस गेलेल्या सुनेच्या डोक्यावर घालायला आणलेली.

कालबुबूनं खोकं आपल्या ओट्याखालच्या पिठाच्या डब्यामागे सारलं. चेहऱ्यावर पाणी मारलं. "चल," ती म्हणाली. "तू काही बोलायचं नाहीस."

अंगणात जाऊन ती नवऱ्याशेजारी उभी राहिली. त्यानं हात पुढे धरले होते, तळवे आकाशाकडे. "थांबा," ती म्हणाली. "हा मेंढा कशासाठी ते आधी सांगते."

"आम्हाला माहीत आहे की," तुर्सुनाय हसून म्हणाली.

"माहीत नाही तुम्हाला, वन्सं. घाई मी केली. तसं काही नाहीये." तिनं श्वास घेतला. "मोजण्यात माझी चूक झाली."

शेजारचा म्हातारा, ज्याच्या घोडीची तारीख तिनं मागच्याच महिन्यात सांगितली होती, त्यानं टोपी सारखी केली. बेगायिमनं मान वर करून सासूकडे पाहिलं. सासूनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझी सून पहिली येत होती," कालबुबू पुढे म्हणाली. "मी पाण्यात जाऊन कडमडले आणि तिला थांबवलं. चूक माझी. तेव्हा हा मेंढा दंडाचा. मी तिला देणं लागते."

चुकणाऱ्यानं जनावर कापून दंड भरायचा, ही रीत त्या अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होती. भावानं भावाला भरला होता, गावानं गावाला भरला होता. सासूनं सुनेला भरलेला कुणी पाहिला नव्हता.

"दंड? सुनेला?" तुर्सुनायच्या हातात ती ओढणी तशीच राहिली. "लोक काय म्हणतील, कालबुबू?"

"म्हणतील, मेंढा चांगला होता."

सादिरकुलनं बायकोकडे पाहिलं. मग सुनेकडे. त्यानं गाडीत बसल्यापासून पाळण्याचा, नातवंडांचा, सात पिढ्यांचा आशीर्वाद मनात घोळवून ठेवला होता, आणि आता त्याच्याजवळ शब्दच उरले नव्हते. तळवे पुढे धरून तो बराच वेळ उभा राहिला. मेंढ्यानं मध्येच शिंक दिली.

"जे यायचंय ते त्याच्या वेळेनं येवो," शेवटी तो म्हणाला. "जी आलीय ती सुखात राहो."

"आमीन," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. बाकीच्यांचे हात खाली आले. कालबुबूचे तळवे तोंडावर तसेच राहिले. बेगायिम तिच्याजवळ गेली आणि खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मग कालबुबूनं हात खाली घेतले, आणि समोरच्या बाप्यांना म्हणाली, "बघत काय बसलात? न्या त्याला. ऊन चढतंय."